उत्तर शंभर, प्रश्न सांगा

हा माणूस फळ्यावर आधी उत्तर लिहायचा. वर्गात आला, खडू घेतला, भला मोठा आकडा काढला, की खडू खिशात टाकून सरळ मागे जायचा आणि शेवटच्या बाकावर पोरांच्या मध्ये बसायचा. तिथून आवाज द्यायचा, "उत्तर हे. प्रश्न सांगा." गणिताचा मास्तर गणित न घालता बसून राहतो आणि पोरं उठून गणितं घालतात, असला प्रकार आमच्या भागात कोणी बघितला नव्हता. म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं उलटे सर. खरं नाव पगारपत्रकावर असेल. गावात ते कोणी घेतलं नाही, मीही घेणार नाही.

मी हे रागाने लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. सर गेले त्याचं दुःख आहेच, पण दुःखापायी मी लिहायला बसलो नसतो. दुःख झालं की मी वाडीत जातो आणि नारळींची आळी उकरत बसतो. तिसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहिणं हा माझा धंदा नाही. पण सर गेल्यावर शाळेच्या गेटावर फ्लेक्स लागला. वर सरांचा फोटो आणि खाली लाल अक्षरात, "शंभर टक्के निकालाचे शिल्पकार". ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि माझं डोकं फिरलं. सरांना कोणी चोर म्हटलं असतं तरी मी एवढा चिडलो नसतो. ज्यांना असा एखादा मास्तर आयुष्यात भेटला असेल त्यांनी हे वाचावं आणि मी चुकीचा चिडलो का ते सांगावं. शुद्धलेखन नातीने बघितलं आहे. मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही.

आमचं हायस्कूल समुद्राकडच्या वाड्या आणि बोईसरचे कारखाने यांच्या मधोमध आहे. त्यामुळे पोरं सगळ्या तऱ्हेची. मुरब्याकडची कोळ्यांची, सरावलीची कामगारांची हिंदी बोलणारी, आमच्यासारख्या वाडीवाल्यांची, आणि मासवणकडच्या डोंगरातली, जी इथे कोणा मावशी-काकाकडे राहून शिकतात. शाळेचं मैदान माझ्या बापाने दिलेलं. म्हणून शाळा समितीत आमच्या घरचा एक माणूस असतो, आणि तो मी. सर नवीन आले तेव्हा पालकांची तक्रार आली की हा मास्तर शिकवतच नाही, पोरांत बसून राहतो. समितीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी कोणाला भीत नाही, म्हणून चौकशीला मला पाठवलं.

मी जाऊन शेवटच्या बाकावर सरांच्या बाजूला बसलो. गुडघे बाकात अडकले ते अडकलेच. फळ्यावर आकडा होता बारा. मुरब्याचा एक पोरगा उठला. "सर, तीन होड्या गेल्या, दर होडीवर चार मानसं." सर म्हणाले, "बरोबर." सरावलीचा चंदन उठला. "सर, पप्पा की आठ घंटे की ड्यूटी, ऊपर से चार घंटा ओवरटाइम." सर म्हणाले, "बरोबर. पण घरी जाऊन पप्पांना विचार, जेवणाची सुट्टी त्यात धरली का कापली." मग खिडकीकडची एक किडकिडीत पोर उठली. वनिता तिचं नाव, मासवणकडची, मावशीकडे सरावलीला राहायची. ती म्हणाली, "कोंबडीखाली अंडी बसवली पंधरा. तीन कुजली." पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठली तीन कुजणार हे बसवताना कळलं नाही?" पोरगी म्हणाली, "नाय कळत सर. कोंबडीला पुरती बसू द्यावी लागते. मंग कळतं." सर उठले, फळ्यापर्यंत गेले आणि बाराच्या खाली लिहिलं, वनिता. म्हणाले, "आता हा प्रश्न वनिताचा." पोरीचं तोंड मी बाजूने बघत होतो. तिला कोणी राज्य दिलं असतं तरी ती एवढी फुलली नसती. शाबासकी, टाळ्या, चांदणी, असलं सर काही देत नसत. प्रश्न चांगला निघाला की खाली पोराचं नाव लिहायचे, बस.

बाहेर आल्यावर मी भांडलो. भांडणं माझा स्वभाव आहे. म्हटलं, "सर, आमच्या वेळी मास्तर प्रश्न घालायचे."

"आणि तुम्ही काय करायचात, काका?"

"पलून जायचो."

"बघा," सर म्हणाले. मग खिशातला खडू बोटात फिरवत पुढे म्हणाले, "उत्तर काय काका, बाजारात कुठेही मिळतं. प्रश्न घरचा लागतो."

समितीला मी सांगितलं की मास्तर शिकवत नाय ही गोष्ट खरी हाय. पण पोरं शिकतात. तेव्हा मास्तर ठेवा. त्या वेळचे चेअरमन म्हातारे होते, शहाणे होते. त्यांनी ठेवला.

त्यानंतर सर सायकलवरून माझ्या वाडीत यायला लागले ते येतच राहिले. घाटावरचा माणूस, एकटाच राहायचा, बायको गावी शेती बघायची. त्यांनी कधी कोणाला चूक म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पोरगं चुकलं की म्हणायचे, "हे उत्तर बरोबर आहे, पण दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं. तो प्रश्न शोधून आण." आणि पोरगं खरंच शोधायचं! माझ्या घरचीने एकदा घाईत चहात साखरेच्या जागी मीठ टाकलं. सरांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे. फक्त हे आमटीचं उत्तर आहे." ती आजही चहा करताना डबा दोनदा हुंगते.

मासे खायला सर इथे शिकले. बोईसरच्या बाजारात मुरब्याची जनीबाय बसते, तिच्याकडून घ्यायचे. आमच्याकडे बारकी मासळी वजनावर नाही, वाट्यावर विकतात, म्हणजे ढीग लावून. जनीबाय त्यांना हाक मारायची, "या सर, वाटा घ्या. वर दोन मोटे बोंबील ठेवलेत, खाली समदे बारके. तुमच्या शालेच्या फोटूसारका." शाळेच्या गेटावर पहिल्या आलेल्या दोन पोरांचे फोटो लागायचे, त्यावर तिची ही टोचणी. सर बाजारात उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी म्हटलं, "सर, ती तुमाला फसवते." तर म्हणाले, "छे, ती सांगून विकते. सांगून विकणारा फसवत नाही." दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, की कोणी काहीही दाखवलं तरी आधी वाटा उलटून बघायचा. आणि टक्के ऐकले की दुसरा शब्द तोंडातून हाच निघाला पाहिजे, कशाचे टक्के? पोरांनी ते एवढं धरलं की घरोघरी लोक वैतागले. दुकानदार सूट सांगतो तर पोर विचारते कशाची सूट. मुकादम म्हणतो अर्धं काम झालं तर पोर विचारते कशाचं अर्धं. चंदनच्या बापाला तर जेवणाच्या सुट्टीवरून ठेकेदाराशी भांडावं लागलं, आणि तो भांडला.

मग म्हातारे चेअरमन गेले आणि नवे आले. नव्यांनी एक माणूस आणला. तो भिंतीवर चित्रं पाडून बोलायचा. त्याने सांगितलं की चांगल्या शाळेत विभाग असतात, प्रत्येक विभागाला उद्दिष्टं असतात, आणि ती भिंतीवर लिहिलेली असतात. आमच्याकडे तोवर मराठीच्या बाई होत्या, इंग्रजीचे सर होते, ड्रॉइंगचे मास्तर होते. एका मिटिंगमध्ये त्यांचे विभाग झाले. उद्दिष्ट म्हणजे काय ते मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "काका, पानवेल लावताना मांडव कुठवर न्यायचा ते आधी ठरवता ना, तसं." मी म्हटलं, "ठरवतो. पण नुसता मांडव घालून पानं खुडायला जात नाय."

आता त्या भिंती बघा. मराठी विभाग, विद्यार्थ्यांमध्ये भाषेची अभिरुची निर्माण करणे. त्याच भिंतीला टेकून डोंगराकडची पोरगी उभी, का, तर वर्गात "नाय" म्हणाली. विज्ञान विभाग, चौकस बुद्धी वाढवणे. प्रयोगशाळेला कुलूप, चावी हेडसरांच्या खणात, कारण पोरांच्या हातून काचेच्या नळ्या फुटतात. चित्रकला विभाग, सौंदर्यदृष्टी जोपासणे. ड्रॉइंगचे मास्तर निवृत्त झाले त्यांची जागा भरलीच नाही, तेव्हा तो विभाग म्हणजे नुसती भिंत. क्रीडा विभाग, खिलाडू वृत्ती. आणि माझ्या बापाच्या मैदानावर शाळेच्या पिवळ्या गाड्या उभ्या! मी पेंटरला विचारलं, "बाबा, हे समदं कुटून आनलं?" तो म्हणाला, "काका, साहेबांनी मोबाईलवर पाठवलं. पलीकडच्या शाळेत पण हेच रंगवलं मी."

उलटे सरांनी मात्र मोबाईलवरचं घेतलं नाही. त्यांनी पेंटरला एक ओळ सांगितली. गणित विभाग, आमच्या मुलाला कोणी फसवू नये.

पेंटर म्हणाला, "एवढंच? सर, खाली जागा उरते."

"उरू दे," सर म्हणाले.

हेडसर येऊन बघून गेले. परत आले. "सर, हे उद्दिष्ट आहे का धमकी?"

"ज्याला जसं लागेल तसं."

मला ती ओळ एवढी आवडली की समितीच्या मिटिंगला जाताना मी मुद्दाम त्या भिंतीकडून जायचो. इतर भिंतींवरचं मला निम्मं कळायचं नाही. ही ओळ एका दमात वाचता यायची, आणि वाचली की छाती भरायची. वाटायचं, माझ्या बापाने मैदान दिलं ते याच्यासाठी.

आता जे घडलं ते सांगतो. नव्या चेअरमनना शंभर टक्के निकालाचं वेड लागलं. दहावीला बसलेली सगळी पोरं पास झाली पाहिजेत, एकही पडता कामा नये, म्हणजे फ्लेक्स लावता येतो आणि बोईसरची पैसेवाली पोरं आपल्याकडे वळतात. आता पडणारी पोरं पास कशी करायची? त्याला शिकवावं लागतं. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे पडतील अशी शंका येणाऱ्यांना नववीतच बाहेर काढायचं. त्यांना सांगायचं, शाळा सोडा आणि सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा द्या. मग ते पडले काय, बुडाले काय, शाळेच्या निकालात येत नाहीत. आमच्या भागातल्या माणसाला सतरा नंबर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. घरटी एक जण त्याने शाळेबाहेर पडलेला आहे.

वनिता तेव्हा नववीत होती. तिचे आईबाप दिवाळीनंतर भात झोडून झालं की वीटभट्टीवर जायचे आणि धाकट्या भावंडांना बघायला तिला न्यायचे. शिमग्याला परत यायचे. म्हणजे वर्षातला मोठा तुकडा पोर भट्टीवर. सर म्हणायचे, "तिचं वर्ष लहान आहे, डोकं नाही." परत आली की शाळा सुटल्यावर तिला बसवायचे आणि ती भराभर उचलायची. तरी नववीला गणितात काठावरच राहिली.

मे महिन्यात एका सकाळी सर माझ्या वाडीत बसले होते. तिथे वनिताची मावशी आली, सरांना शोधत शोधत. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात जांभळं, डोंगरातून आणलेली. तिने द्रोण सरांच्या पुढे ठेवला आणि पायाला हात लावायला वाकली. सर दचकून मागे सरले.

"अगं काय हे? कशासाठी?"

"तुमचे उपकार हायेत सर. पोरीला सोपा पेपर देनार ना तुमी."

"सोपा पेपर?"

"हेडसरांनी बोलावलेलं. म्हनले, पोरगी भट्टीवर जाते, तिला शालेचा पेपर झेपनार नाय. सतरा नंबरने बसवा, त्यांचा पेपर सोपा असतो. मी लगेच हो म्हनलं. दाखला पन घेतला. आमच्या गरिबाची एवडी काळजी कोन करतो?"

सरांनी एक जांभूळ उचललेलं ते बोटातच राहिलं. मग सर हळूच म्हणाले, "मावशी, पेपर एकच असतो. सगळ्यांना तोच."

मावशीला आधी कळलंच नाही. ती हसत होती. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "मंग सर, आमाला फशवलं?"

सरांनी जांभूळ द्रोणात परत ठेवलं आणि चपला घातल्या.

आम्ही दोघे तसेच शाळेत गेलो. हेडसर म्हणाले, वरून आदेश आहे. वरचे चेअरमन म्हणाले, मिटिंगमध्ये बोलू. मिटिंगमध्ये सरांनी एवढंच मागितलं, की अशी काढलेली सगळी पोरं मला परत द्या, पडली तर माझ्या विभागाच्या नावावर पाडा, फ्लेक्सवर लिहा की गणित विभागाने पाडली. चेअरमन गोड हसून म्हणाले, "सर, तुमच्या विभागाचं उद्दिष्ट वाचलं आम्ही. आता जरा संस्थेचंही वाचा." मग मी उठलो. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास उडाला. चेअरमन रुमालाने टेबल पुसत म्हणाले, "काका, तुमच्या वडिलांनी शाळेला जागा दिली, त्याबद्दल आदर आहे. पण शिक्षणातलं तुम्हाला काय कळतं?" बाकीचे खाली बघत बसले. मराठीच्या बाई, ज्यांची अभिरुची भिंतीवर रंगवलेली होती, त्याही खालीच बघत होत्या.

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "काका, तुम्ही ओरडलात. ओरडणं म्हणजे उत्तर फेकून मारणं. तुम्ही प्रश्न विचारायला हवा होता." माझा पारा आणखी चढला. म्हटलं, "मग तुमी का नाय इचारला?" ते म्हणाले, "मलाही सुचला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो तर सर आपल्या भिंतीपुढे उभे. हातात चुन्याची बादली आणि कुंचला. आपलीच ओळ स्वतःच्या हाताने पांढरी करत होते. आमच्या मुलाला, एवढं गेलं होतं. कोणी फसवू नये, एवढं राहिलं होतं. मी कुंचला धरला. म्हटलं, "त्यांनी पुसली असती तर मी त्यांचे हात मोडले असते. तुमी का पुसता?"

सर म्हणाले, "फसवली ना मुलगी? आपल्याच शाळेत फसवली. मग भिंतीवर खोटं कशाला ठेवायचं?"

मी कुंचला सोडला. शाळेतल्या सगळ्या भिंतींमधली खरी म्हणावी अशी तेवढीच एक ओळ, आणि ती लिहिणाऱ्याने पुसली, कारण त्याला खोटं चालत नव्हतं. बाकीच्या भिंती अजून रंगवलेल्या आहेत. दर दिवाळीला त्यांना नवा हात मारतात.

मी समितीचा राजीनामा दिला नाही. सगळ्यांना तेच हवं होतं, म्हणून दिला नाही. आजही प्रत्येक मिटिंगला जातो, पहिल्या खुर्चीवर बसतो आणि त्यांचा चहा घेत नाही. सरांना त्यांनी दहावीवरून काढून पाचवीला दिलं. सर म्हणाले, "बरं झालं, लवकर सापडतील." आणि संध्याकाळी माझ्या वाडीत काढून टाकलेल्या पोरांची शाळा भरायला लागली. वनिता, चंदन, आणखी काही. पंपाच्या खोलीचं दार हा फळा. इथे बाकच नव्हते, तरी सर सगळ्यांच्या मागे नारळाच्या ढिगावर जाऊन बसायचे. वनिता भट्टीवर गेली तेव्हा धाकट्या भावंडांसकट तिला मावशीकडे परत पाठवावं म्हणून सर स्वतः भट्टीवर जाऊन तिच्या बापाशी बोलले. बाप म्हणाला, "न्या. पन ह्यांना खायला कोन घालील?" माझी घरची म्हणाली, "मी घालीन की." त्या वर्षी आमच्या घरात भाकऱ्यांचा ढीग पडायचा.

वनिता पहिल्यांदा गणितात पडली. सांगितलं पाहिजे, कारण खरं आहे. निकाल घेऊन वाडीत आली आणि पंपाच्या मागे जाऊन रडत बसली. सर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पुरती बसू दे. मग कळेल." पुढच्या परीक्षेला ती पास झाली. मग बारावी झाली. आता तिकडे मासवणकडे अंगणवाडीत सेविका आहे. त्या पहिल्या वर्षी शाळेच्या गेटावर मात्र फ्लेक्स लागलाच होता, निकाल शंभर टक्के. सर सायकलवरून त्याच्याखालून रोज जायचे, मान वर करायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावरही सर गावी गेले नाहीत, बायकोलाच इकडे घेऊन आले. खोलीवर पोरं यायची. गेल्या महिन्यात गेले. दुपारी जेवून पडले ते पडलेच. खिशात खडूचा तुकडा होता, त्यांच्या बायकोने मला दाखवला.

आणि मग शाळेने शोकसभा ठेवली. दहावीच्या वर्गात, फळ्यापुढे टेबल, टेबलावर सरांचा फोटो, हार. पोरं कुठून कुठून आली होती. जनीबाय टोपली बाहेर ठेवून आली होती. चेअरमन उठले. म्हणाले, "सरांचा गणित विभाग हा शाळेचा कणा होता. आज जो शंभर टक्के निकाल आपण अभिमानाने मिरवतो, त्याचे शिल्पकार म्हणजे आपले सर." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या कानशिलात आग झाली. मी उठलो. हात टेबलावर आपटायला गेला होता, खरं सांगतो. समोर फोटो होता म्हणून थांबला.

चेअरमन म्हणाले, "काका, दोन शब्द बोलणार?"

मी म्हटलं, "दोन शबुद नाय. एक आकडा."

फळ्याच्या कडेला खडू पडला होता तो उचलला आणि फळ्यावर मोठा आकडा काढला, शंभर. खडू खिशात टाकला. माणसांमधून वाट काढत मागे गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. गुडघे पुन्हा अडकले. मग जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हटलं, "उत्तर हे. प्रश्न सांगा."

जे सरांकडे शिकले नव्हते त्यांना वाटलं म्हातारा चळला. चेअरमन घड्याळ बघायला लागले. पण शिकले होते त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. आणि खिडकीकडची एक बाई उठली. अंगणवाडीची साडी, कडेवर पोर. ओळखायला मला दोन क्षण लागले. वनिता चेअरमनकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती.

"कोंबडीखाली बसवायला पंधरा अंडी होती," ती म्हणाली. "कुजतील असं वाटलं ती आदीच उचलून फेकली. कोंबडीला बसूच नाय दिली. राहिली त्या समद्यांतून पिल्लं निघाली. किती टक्के?"

कोणी हसलं नाही. कडेवरच्या पोराने तिच्या मंगळसूत्राशी खेळ मांडला होता, तिने त्याचा हात धरला.

"आन सर," ती फोटोकडे बघून म्हणाली, "फेकलेल्यातली मी एक."

चेअरमन म्हणाले, "ताई, ही शोकसभा आहे, इथे असे विषय..." मागून चंदनचा आवाज आला, कारखान्यातून तसाच डबा घेऊन आला होता. "साहेब, सवाल हुआ है. जवाब तो बोर्ड पर लिखा है." जनीबाय दारातूनच म्हणाली, "वाटा उलटा केला पोरीने."

मी गुडघे सोडवून उठलो आणि पुन्हा फळ्यापर्यंत गेलो. तिसरीत असताना मास्तराने फळ्यावर बोलावलं होतं, तिथून मी पळालो तो त्या दिवसापर्यंत फळ्यापुढे उभा राहिलो नव्हतो. शंभराच्या खाली लिहिलं, वनिता. अक्षर वेडंवाकडं आलं, पण मागच्या बाकावरून वाचता येईल एवढं मोठं काढलं. मग वळून म्हटलं, "आता हा प्रश्न वनिताचा."

चहा आला. मी घेतला नाही. मागच्या बाकांवर कोणीच घेतला नाही.